टिकलीखालची वेळ

आमच्या एडिसनच्या घरातला मायक्रोवेव्ह वर्षातून दोनदा, एकेक आठवडा, डोळे मिटून बसायचा. आई जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापायची, त्याच्या हिरव्या आकड्यांवर धरायची आणि दोन्ही टोकांना एकेक मोठी मरून टिकली दाबून टाकायची. सेलोटेपचा डाग काचेवर राहतो, टिकलीचा गोंद निघून येतो, हे तिचं संशोधन. टिकल्याही नव्या नसत. आरशाच्या कडेला ओळीनं लावून ठेवलेल्या, वापरून झालेल्या. तशीच पट्टी व्हीसीआरवर. माझं रेडिओचं घड्याळ भिंतीकडे तोंड करून. बाबांनी घरात पाऊल टाकलं की मनगटावरचं घड्याळ काढून खिशात घालायचं, असा नियमच होता, आणि ते बिचारे दारातच, बूट काढायच्याही आधी, तो पाळायचे. ‘‘शस्त्रं खाली ठेवली हो,’’ म्हणत आत यायचे. माझी धाकटी बहीण इरा तेव्हा तीन वर्षांची. ती मायक्रोवेव्हसमोर उभी राहून ओठांवर बोट ठेवायची आणि कुजबुजायची, ‘‘शूऽऽ, ही इज स्लीपिंग.’’

मग घरात एकच वेळ उरायची: गॅसच्या वरच्या भिंतीवरच्या पिवळ्या कडेच्या घड्याळाची. ते घड्याळ आईनं नाशिकहून दोन साड्यांत गुंडाळून आणलेलं. विमानतळावर बॅग उघडायला लावली तेव्हा ते साड्यांच्या आत टिकटिकत होतं आणि बाबांना घाम फुटला होता, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक पाहुण्याला सांगितली जायची.

हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं. आई नाशिकला नऊ वर्षं बालवाडीत शिकवत होती. मी बारा वर्षांची असताना आम्ही इकडे आलो आणि त्याच हिवाळ्यात इरा झाली. पुढच्या वसंतात एका शनिवारी शेजारच्या बाईनं सहज सांगितलं, उद्या घड्याळ एक तास पुढे. आईला ते खरंच वाटेना. दुसऱ्या दिवशी सगळ्या देशानं काटा फिरवला आणि आमची इरा आठवडाभर रडली. भूक लागायच्या आत बाटली यायची, झोप यायच्या आत दिवा मालवायचा, आणि सकाळी गाढ झोपेतून तिला उचलायचं. आई तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारता मारता म्हणाली, ‘‘सरकारला काय जातंय? काटा फिरवला की झालं. पोरांच्या पोटातला काटा कोण फिरवणार?’’

तो तिनं फिरवला. तिचा उपाय साधा होता. ज्या रविवारी तासाचा फरक पडणार, त्याच्या आधीच्या सोमवारपासून स्वयंपाकघरातलं घड्याळ रोज दहा मिनिटं सरकवायचं. वसंतात पुढे, शरदात मागे. जेवण, दुपारची झोप, आंघोळ, रात्रीचं निजणं, सगळं त्याच घड्याळावर. सोमवार ते शनिवार, सहा दाहे साठ. रविवारी बाहेरचं जग तास ओलांडतं, तेव्हा आपली पोरं आधीच पलीकडे जाऊन बसलेली. तेवढा आठवडा मात्र दुसरं कुठलंही घड्याळ डोळ्यांना दिसता कामा नये, नाहीतर मन तुलना करत बसतं. म्हणून त्या टिकल्या.

आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये मराठी घरं पाच. तीन-चार वर्षांच्या पोरांनी भरलेली. आईची कीर्ती एका वर्षात पाचही घरांत पोचली. त्या आठवड्यात सकाळी नऊच्या सुमारास फोन वाजायला लागायचा. पहिला ठरलेला, सुलभाकाकूंचा. त्या नागपूरच्या, आवाज असा की रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला तरी शब्दन् शब्द कळायचा.

‘‘वहिनी, आज किती हो?’’

‘‘आमच्याकडे आत्ता नऊ वाजून चाळीस. लाव.’’

‘‘लावलं. अन् टिकली पडून राहिली माझ्या मायक्रोवेव्हची, गोंदच संपला.’’

‘‘नवी लाव. कंजूषपणा करू नकोस.’’

मग बाकी तिघींचे. पाच स्वयंपाकघरांत पाच घड्याळं, पाचही आमच्या पिवळ्या घड्याळावरून लावलेली. दहा-दहा वाढवत बसण्यापेक्षा थेट आमची वेळ विचारून घेणं त्यांना सोपं पडायचं. आता विचार केला की हसू येतं. न्यू जर्सीतल्या एका दुमजली इमारतींच्या वसाहतीत, पार्किंगच्या दोन बाजूंना, पाच मराठी घरं आठवडाभर स्वतःच्याच टाइम झोनमध्ये राहत होती. नवरे ऑफिसच्या वेळेत, पोरं आईच्या वेळेत. आई गाडी चालवत नव्हती, व्हिसामुळे नोकरी करायची तिला परवानगी नव्हती, इंग्रजी बोलताना ती आधी मनात जुळवून घ्यायची. वर्षातले पन्नास आठवडे ती ‘मानसीची आई’ किंवा ‘वहिनी’ होती. ते दोन आठवडे ती पुन्हा बाई असायची, बालवाडीच्या बाई. फोन ठेवताना तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मला नाशिकच्या त्या शाळेच्या दारात पाहिलेलं आठवतं.

मी हे सगळं इतकं पाल्हाळ लावून सांगते आहे, कारण पुढचं सांगायला मन धजत नाही. मी गप्प मुलगी होते, आजही फारशी बोलत नाही. ज्या गोष्टी मी बोलले नाही, त्यांची रांग लावली तर सगळ्यात पुढे ही उभी राहील.

घड्याळ सरकवायचं काम माझं होतं. आईचा हात तिथवर पोचायचा नाही. रोज सकाळी शाळेला निघायच्या आधी मी स्टुलावर चढायची, घड्याळ उतरवायची, मागची खुंटी फिरवायची आणि परत लावायची. आई खाली डब्यात पोळी-भाजी भरत असायची. ‘‘दहा गं,’’ एवढंच म्हणायची, वर न बघता.

मी पंधरा संपून सोळाव्यात होते. शाळेत तीन वर्षं काढल्यावर मला एक मैत्रीण मिळाली होती, मेगन. मिळाली होती म्हणजे सायन्सच्या प्रोजेक्टला बाईंनी आम्हाला जोडीला घातलं आणि तिनं नाक मुरडलं नाही. ती संध्याकाळी साडेसातला फोन करायची. आमचा फोन वायरचा. वायर ताणून मी दाराजवळच्या कोटांच्या कपाटात शिरायची, बाबांच्या जाड जॅकेटांच्या मध्ये बसायची आणि दार लावून घ्यायची. तरी घर आत यायचंच. घरभर कुकरची शिट्टी. मिक्सर. आणि बरोबर साडेसातला आमच्याकडचा सगळ्यात मोठा गोंधळ, इराचं जेवण.

तो गोंधळ काय होता, तेही लिहून ठेवते. बाबा न्यूयॉर्कहून ट्रेननं यायचे, स्टेशनवरून कार घेऊन सव्वासातला घरात. आई इराला वरणभात भरवत आणायची आणि शेवटचे सहा घास त्यांच्यासाठी राखून ठेवायची. मऊ भात, पिवळं वरण, वर तूप, लिंबू. बाबा हात धुऊन बसायचे आणि आपल्या ट्रेनची स्टेशनं मोठ्यानं पुकारत एकेक घास तिच्या तोंडात घालायचे. ‘‘न्यूअऽऽर्क!’’ आऽ. ‘‘नेक्स्ट स्टॉप एलिझाबेथ!’’ आऽ. मग लिंडन, मग रावे, मग मेट्रोपार्क. प्रत्येक स्टेशनाला इरा शिट्टी मारायची, म्हणजे जीव खाऊन किंचाळायची. शेवटचा घास एडिसनचा. एडिसन आलं की तोंड पुसायचं, ब्रश, आणि आठला अंथरुणात. दिवसभरात बाप-लेकीची भेट व्हायची ती एवढीच.

आज हे लिहिताना माझ्या तोंडात त्या लिंबाची चव आली. तेव्हा मात्र मी कपाटात जॅकेटच्या बाहीत तोंड खुपसून मेगनला सांगायची की टीव्हीचा आवाज आहे. मला आमच्या घराच्या आवाजाची लाज वाटायची. एवढं एक वाक्य लिहायला मला वीसहून जास्त वर्षं लागली.

त्या वर्षी पाडव्याच्या सुमारास घड्याळ बदलणार होतं. सोमवारी सकाळी मी स्टुलावर चढले. आई म्हणाली, ‘‘दहा गं.’’ मी वीस केली. ठरवून केली असं म्हटलं तर ते अर्धं खरं आहे. खुंटी फिरवताना बोटं थांबली नाहीत आणि मी त्यांना थांबवलं नाही. मंगळवारी मात्र पूर्ण शुद्धीवर पुन्हा वीस. इरा त्या दिवशी बाहेरच्या खऱ्या सात-वीसला झोपली. साडेसातला फोन वाजला तेव्हा घर चिडीचूप. मी कपाटाचं दार किलकिलं ठेवून, पाय बाहेर पसरून, पहिल्यांदाच मोठ्यानं हसत बोलले. बुधवारी वीस. गुरुवारी वीस. शुक्रवारी आणि शनिवारी गुपचूप दहा-दहा. साठाच्या जागी शंभर झाली होती.

पकडली कशी गेले नाही, याचं मला आजही नवल वाटतं. गुरुवारी आई खिडकीपाशी उभी राहून म्हणाली, ‘‘यंदा उजेड फारच रेंगाळतोय नाही?’’ मी म्हटलं, ‘‘वसंत आहे ना, आई.’’ तिनं खिडकीवर सोलापुरी चादर टाकली. बाबा दारात खिशात घड्याळ टाकता टाकता म्हणाले, ‘‘आज पण झोपली?’’ आई म्हणाली, ‘‘आठवडाभराचं तर आहे.’’ आणि शुक्रवारी, मी शाळेला निघायच्या आतच, सुलभाकाकूंचा फोन आला.

‘‘वहिनी, चुकून माझं लक्ष गेलं अन् मायक्रोवेव्हात काहीतरी भलतंच दिसून राहिलं हो. दीड तासाचा फरक येऊन राहिला.’’

मी टोस्ट चावायची थांबले.

‘‘टिकली का काढलीस?’’ आई म्हणाली.

‘‘काढली नाही, पडली.’’

‘‘तीन वर्षांत एकदा तरी चुकलाय का माझा हिशोब? तुझ्या त्या मायक्रोवेव्हचीच वेळ चुकली असेल. मागं लाइट गेले होते तेव्हा नीट लावलंस का?’’

पलीकडे सुलभाकाकू विचारात पडल्या. ‘‘आमच्या यांनी लावलं होतं,’’ त्या म्हणाल्या.

‘‘मग झालं तर,’’ आई म्हणाली, आणि दोघी खळखळून हसल्या. मीही हसले. तेवढ्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मेगनची गंमत सांगायची राहिली. बुधवारी की गुरुवारी ती फोनवर म्हणाली, ‘‘व्हेअर इज द बेबी? इज शी ओके? आय मिस द येलिंग.’’ तिला वाटत होतं आमच्याकडे रोज वाढदिवस असतो. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. घड्याळ मागे घ्यायला तो चांगला मुहूर्त होता. घेतलं नाही.

रविवारी दुपारी इकडच्या मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता, एका शाळेच्या ऑडिटोरियममध्ये. आमच्या पाच घरांतल्या पोरांचं नाटुकलं त्यात होतं, ‘भाजीबाजार’. बसवलं आईनं, लिहिलंही तिनंच. पाच छोटी पोरं पाच भाज्या: इरा वांगं, बाकीची मिरची, गाजर, मुळा आणि एक गोलमटोल भोपळा. प्रत्येक भाजी एकेका लॉन्ड्री बास्केटमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसणार, वर ओढणी झाकलेली. सुलभाकाकूंची आठ वर्षांची मृण्मयी भाजीवाली. तिनं गाणं म्हणत एकेक ओढणी उचलायची, भाजीनं टुणकन उभं राहून आपलं चार ओळींचं गुणगान करायचं. दोन महिने आमच्या बैठकीत तालमी चालल्या होत्या. वांग्याचा जांभळा झगा आईच्या जुन्या शालूतून, डोक्यावरचं हिरवं देठ बाबांच्या मोज्यातून.

कार्यक्रमाची सूत्रं सुलभाकाकूंचे यजमान शिरीषकाका यांच्याकडे. त्यांचं म्हणणं, लहान मुलांचं सगळ्यात आधी उरकून घ्यावं. आई ऐकेना. ‘‘आधी घेतलंत तर समोर रिकाम्या खुर्च्या असतात, भाऊजी. आपले लोक येतात तासभरानं. शेवटी ठेवा.’’

‘‘पण वहिनी, पोरं पेंगायला लागली म्हणजे?’’

‘‘आठ वाजेपर्यंत माझी पोरं टवटवीत. माझी गॅरंटी.’’

तिनं उगाच म्हटलं नव्हतं. आठवडाभर तिनं त्यांची झोप आठाला आणून बांधली होती, असं तिला वाटत होतं. त्या दिवशी पहाटे सगळे उठायच्या आत मी स्टुलावर चढून घड्याळ चाळीस मिनिटं मागे घेतलं होतं. आई उठली, तिनं मायक्रोवेव्हच्या टिकल्या सोडवल्या, नवी वेळ लावली, वर बघितलं. दोन्ही घड्याळं मिनिटाला मिनिट जुळत होती. ‘‘बघ,’’ ती म्हणाली. घड्याळ मागे आलं होतं. पोरांच्या पोटातला काटा मात्र मी नेऊन ठेवला होता तिथेच होता.

कार्यक्रम अर्थातच लांबला. गणेशवंदना, लावणी, पाहुण्यांचं भाषण, मग एका काकांचं बासरीवादन, जे संपलं असं वाटून तीनदा टाळ्या पडल्या. मागच्या खोलीत आई पाचही भाज्यांना द्राक्षं खायला घालत होती. भोपळा जांभई देत होता. सात वाजून पंधरा मिनिटांनी शिरीषकाकांनी ‘भाजीबाजार’ची घोषणा केली. मी विंगेत, हातात संवादांचा कागद, प्रॉम्प्टर. बास्केटा स्टेजवर मांडल्या, पोरं आत बसली, वर ओढण्या टाकल्या. आत अंधार, ऊब, मऊ झगे. पडदा उघडायला दोन मिनिटं लागली, माइक चालेना म्हणून आणखी तीन. मी घड्याळ बघितलं. सात-वीस. नव्या वेळेनं मोजलं तर आदल्या दिवशी पाचही घरांत दिवा मालवला गेला होता ती हीच वेळ.

मृण्मयी ठसक्यात आली. कमरेला पदर खोचलेला, डोक्यावर चुंबळ. गाणं म्हणत तिनं पहिली ओढणी उचलली. मिरची झोपली होती. मृण्मयीनं तिला जरा हलवलं, मिरचीनं कूस बदलली. सभागृहात एक खसखस. तिनं गाजराची ओढणी उचलली. गाजर तोंड उघडं टाकून घोरत होतं, आणि माइक आता चालायला लागला होता. मुळा. भोपळा. शेवटी इरा, माझं वांगं, देठ नाकावर आलेलं, अंगठा तोंडात. मी विंगेतून ओरडून पहिली ओळ सांगितली. वांग्यानं डोळे न उघडता म्हटलं, ‘‘एडिसन आलं?’’

चारशे माणसं हसत होती. मृण्मयी क्षणभर उभी राहिली. मग कमरेवर हात ठेवून प्रेक्षकांकडे वळली आणि आईसारख्या खणखणीत आवाजात म्हणाली, ‘‘आजची भाजी झोपून राहिली आहे. उद्या या!’’

इतक्या टाळ्या त्या मंडळात मी पुन्हा कधी ऐकल्या नाहीत. लोक उभे राहिले. एका आजोबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पाच बाप स्टेजवर चढले आणि आपापली भाजी बास्केटसकट उचलून घेऊन गेले, आणि बाबा जाताना वांग्याच्या कपाळाचा मुका घेत पुकारत होते, ‘‘लास्ट स्टॉऽऽप!’’ पुढे कित्येक वर्षं आमच्या भागात कोणाचं मूल कार्यक्रमात पेंगलं की लोक म्हणायचे, उद्या या. मीसुद्धा हसत होते, पोट धरून. तो आनंद खोटा नव्हता. त्यातच मी समोरच्या विंगेत आईला पाहिलं. ती हसत होती, आणि बोटांवर काहीतरी मोजत होती. सोमवार, मंगळवार, बुधवार. पुन्हा सोमवारपासून.

श्रीखंडाच्या रांगेत शिरीषकाका म्हणाले, ‘‘काय वहिनी, गॅरंटी कार्ड घरी राहिलं वाटतं?’’ ‘‘मुदत संपली होती भाऊजी,’’ आई म्हणाली, आणि सगळे हसले. तिनं ते छान निभावलं. पण त्या शरदात सोमवारी सकाळी सुलभाकाकूंचा फोन आला, ‘‘वहिनी, आज किती?’’, तेव्हा आई म्हणाली, ‘‘ज्याचं त्याचं घड्याळ, सुलभा. माझं काही खरं नाही.’’ मायक्रोवेव्ह उघड्या डोळ्यांनी बसून राहिला. रविवारनंतर आठवडाभर इरा पहाटे पाचला उठून बसत होती, आणि आरशाच्या कडेला टिकल्यांची रांग वाढत गेली.

मी सांगू शकले असते. दर सहा महिन्यांनी सांगू शकले असते. मेगन पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी गेली, तिचा आवाज आता मला आठवतही नाही. आधी वाटलं, आई रागावेल. मग वाटलं, आता इतक्या उशिरा काय सांगायचं. बाबा गेले तेव्हा वाटलं, त्यांचे घास मी चोरले होते, आणि ते आता कोणाला परत करणार?

गेल्या मार्चमधली गोष्ट. मी श्रूजबरीला राहते, आई माझ्याकडे असते. माझी मुलगी चार वर्षांची. घड्याळ बदलायला आठवडा होता आणि मी वैतागून म्हटलं, ‘‘आई, तुझी ती दहा मिनिटांची पद्धत करून बघू का?’’

आई मटार सोलत होती. ‘‘नको गं,’’ ती म्हणाली. ‘‘ती नाही चालत. पाहिलंस ना, सगळी पोरं झोपली. मला वाटायचं मला कळतं.’’

तिनं हे इतकं सहज म्हटलं, मटाराचं टरफल बाजूला टाकावं तसं. मी तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. वीस-वीस-वीस-वीस. कपाट, मेगन, लाज, पहाटेचं स्टूल, बाबांची चुकलेली संध्याकाळ. सगळं. आई ऐकत होती. मी थांबले तेव्हा तिनं एकच विचारलं.

‘‘एकूण किती?’’

‘‘शंभर. चाळीस जास्त.’’

तिची बोटं टेबलावर हलायला लागली. ओठ पुटपुटत होते. मग तिनं मान वर केली, आणि तिच्या डोळ्यांत नाशिकच्या त्या दारातल्या बाई उभ्या होत्या.

‘‘म्हणजे सात-वीसला झोपायलाच हवी होती पोरं. बरोबर सात-वीस! अगं, पाचाच्या पाच झोपली, एकही मिनिट इकडेतिकडे नाही. म्हणजे पद्धत बरोबर होती!’’

‘‘आई, मी काय सांगतेय...’’

‘‘कळलं मला तू काय सांगतेयस. गाढव आहेस. आधी सांगितलं असतंस तर मी आणखी वीस वर्षं केलं असतं.’’ ती उठली, मटाराची दाणादाण. ‘‘आणि बाबांचं म्हणशील तर, तू कपाटात होतीस म्हणून तुला माहीत नाही. पोरगी झोपलेली, वाटीत सहा घास राखलेले. पहिल्या दिवशी म्हणाले, गाडी रिकामी कशी न्यायची? आणि मला भरवायला लागले. न्यूअर्कपासून. हळू आवाजात हं, तुझा फोन चालू म्हणून. मंगळवार ते शुक्रवार, रोज.’’ तिनं सांडलेले चार मटार उचलले. ‘‘एलिझाबेथच्या घासाला लिंबू जास्त पिळायचे. मुद्दाम.’’

मी रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही. आई तोवर फोन शोधत होती. सुलभाकाकू आता सांता क्लाराला मृण्मयीकडे असतात, तिकडे आपल्यापेक्षा तीन तास मागे, सकाळचे साडेसहा झाले असतील, मी म्हटलं. ‘‘असू देत,’’ आई म्हणाली.

‘‘काय झालं वहिनी, इतक्या सकाळी?’’ तो आवाज अजून हातभर लांबून ऐकू येतो.

‘‘सुलभे, बस आधी. तुझा मायक्रोवेव्ह बरोबर होता.’’

‘‘कोणता मायक्रोवेव्ह?’’

‘‘थांब, मानसी सांगते,’’ आई म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. ‘‘सांग. पहिल्यापासून सांग.’’

त्या सकाळी मी ते चारदा सांगितलं, चार काकूंना, चार गावांत. प्रत्येक वेळी थोडं कमी रडले. सुलभाकाकू म्हणाल्या, ‘‘वा गं पोरी, अन् मी यांना वीस वर्षं बोलून राहिले की तुम्हाला साधं घड्याळ लावता येत नाही!’’

सोमवारी सकाळी मी खाली आले तेव्हा माझ्या मायक्रोवेव्हवर कागदाची पट्टी होती, दोन्ही टोकांना मरून टिकल्या. भिंतीवरच्या घड्याळाखाली स्टूल आणून ठेवलेलं. मी चढले. आई यावेळी डबा भरत नव्हती. ती स्टुलाला धरून, मान मागे टाकून, माझ्या बोटांकडे बघत उभी होती.

‘‘दहा,’’ ती म्हणाली. ‘‘दहाच हं. मी बघतेय.’’